इंग्लंडमध्ये दिवस गेलेत? मिडवाइफच्या पहिल्या भेटीची तयारी

पाळी चुकली, घरी केलेल्या चाचणीवर दोन रेघा आल्या, की पुण्या-नाशकात पुढची पायरी ठरलेली असते. ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचं, सोनोग्राफी करायची, फाइल उघडायची. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडला आलेल्या मराठी मुली इथेही हेच शोधतात आणि गोंधळतात. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतच नाही. तपासण्यांपासून बाळंतपणापर्यंतचं जवळजवळ सगळं मिडवाइफ बघते. ती डॉक्टरांच्या हाताखालची मदतनीस नसते. या विषयाची पदवी घेतलेली, नोंदणीकृत आणि स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेणारी ती तज्ज्ञ असते. काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना ती बोलावते.

तिच्या पहिल्या भेटीला इथे ‘बुकिंग अपॉइंटमेंट’ म्हणतात. साधारण तासभर चालते. त्यात सोनोग्राफी होत नाही, आतून तपासणी होत नाही आणि इतक्या लवकर बाळाचे ठोकेही सहसा ऐकवत नाहीत. पाऊण वेळ प्रश्नोत्तरात जातो, उरलेला रक्त, लघवी, वजन आणि बीपी घेण्यात. त्यामुळे ‘काही तपासलंच नाही’ असं वाटून अनेकजणी नाराज होऊन घरी येतात. पण पुढच्या सात महिन्यांचा आराखडा याच प्रश्नोत्तरांवरून ठरतो. डॉक्टरांकडे पाठवायचं का, ॲस्पिरिन लागेल का, शुगरची मोठी चाचणी करायची का, हे सगळं तुम्ही काय सांगता यावर अवलंबून असतं. तुमची भारतातली फाइल इथल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर नसते. जे तुम्ही सांगणार नाही, ते इथे कुणालाच माहीत नसतं.

कधी आणि कशी नोंदणी करायची

ही भेट दहावा आठवडा पूर्ण होण्याआधी व्हायला हवी. इथे सगळा हिशोब आठवड्यांत चालतो आणि तो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. ‘दुसरा महिना लागला’ असं सांगितलंत तर मिडवाइफला अर्थबोध होणार नाही, तारीख सांगा.

आपल्याकडे तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी पद्धत आहे. नातेवाइकांच्या बाबतीत ती खुशाल पाळा. मिडवाइफच्या बाबतीत पाळू नका. थॅलेसेमिया आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची चाचणी दहा आठवड्यांच्या आत व्हावी लागते, कारण आई वाहक (स्वतः आजारी नसून आजार बाळाला देऊ शकणारी) निघाली तर बाबांची चाचणी, मग गरज पडल्यास गर्भाची चाचणी, मग निर्णय, या प्रत्येक पायरीला दिवस लागतात. पहिली सोनोग्राफी आणि तिच्यासोबतची डाउन सिंड्रोमची चाचणी ११ आठवडे २ दिवस ते १४ आठवडे १ दिवस एवढ्याच काळात होते. उशीर झाला तर हे पर्याय आपोआप कमी होत जातात.

नोंदणीसाठी आधी जीपीची (म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरांची) वेळ घेण्याची गरज बहुतेक ठिकाणी नसते. जवळच्या एनएचएस हॉस्पिटलच्या संकेतस्थळावर ‘मॅटर्निटी’ विभागात स्वतःच भरायचा फॉर्म असतो. तो सापडला नाही तर जीपीच्या रिसेप्शनला फोन करून “मी गरोदर आहे, मिडवाइफकडे नोंदणी करायची आहे” एवढं सांगा. जीपीकडे नाव नसेल तर तेही लगेच नोंदवा. पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा नाही म्हणून जीपी नोंदणी नाकारू शकत नाहीत.

फॉर्म भरताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली नावाची. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना इथल्या रकान्यांत नीट बसत नाही. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, जीपीकडे सासरचं आणि फॉर्मवर मधलं नाव आडनावाच्या जागी, असं झालं की एकाच बाईच्या दोन नोंदी तयार होतात आणि रक्ताचे रिपोर्ट भलत्याच नोंदीला जाऊन चिकटतात. जीपीकडे जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा आणि दहा आकडी एनएचएस नंबर सोबत द्या. नंबर माहीत नसेल तर तो एनएचएस ॲपमध्ये किंवा जीपीकडून आलेल्या पत्रावर सापडतो.

दुसरी गोष्ट फोनची. हॉस्पिटलचे फोन बरेचदा नंबर न दिसता येतात. अनोळखी फोन आपोआप बंद होण्याची सोय तुमच्या मोबाइलवर चालू असेल तर हे फोन तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. ती काही आठवडे बंद ठेवा आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर पाहत राहा. आठवडाभरात काहीच कळलं नाही तर स्वतः फोन करा. नऊ आठवडे उलटून गेले असतील तर फोनवर पहिल्याच वाक्यात ते सांगा. उशिरा आलेल्यांना शक्यतो दोन आठवड्यांत वेळ द्यावी, असं इथल्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. आणि बारा किंवा सोळा आठवडे झाले असले तरी संकोच न करता जा.

पैशांचं थोडक्यात. व्हिसा काढताना आरोग्य अधिभार (इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज) भरला असेल किंवा तुमच्या व्हिसाला तो माफ असेल, तर गरोदरपणाची आणि बाळंतपणाची सेवा वेगळे पैसे न देता मिळते. डिपेंडंट व्हिसावर असलेल्यांनाही हेच लागू आहे. व्हिजिटर व्हिसावर असाल तर बिल येतं आणि ते मोठं असतं. पण आत्ता पैसे नाहीत म्हणून गरोदर बाईची सेवा नाकारता किंवा लांबवता येत नाही. बिलाच्या भीतीने भेट टाळू नका.

भेटीची वाट न पाहता करायच्या गोष्टी

फॉलिक ॲसिड आजच सुरू करा: रोज ४०० मायक्रोग्रॅम, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. सोबत रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व, ते मात्र पूर्ण गरोदरपणात. आपल्या त्वचेला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून हे सोडू नका. भारतातून आणलेल्या फॉलिक ॲसिडच्या पट्टीवरचा आकडा नीट वाचा. तिथे मिळणाऱ्या अनेक गोळ्या ५ मिलिग्रॅमच्या असतात, म्हणजे इथल्या नेहमीच्या मात्रेच्या साडेबारा पट. ५ मिलिग्रॅमची मात्रा काहीजणींना मुद्दाम देतात: मधुमेह, थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील, किंवा आधीच्या बाळाला, स्वतःला, बाळाच्या बाबांना वा जवळच्या नात्यात मणक्याचा जन्मजात दोष असेल तर. ती जीपी लिहून देतात. यातलं काही लागू असेल तर जीपीला आठवडाभरातच फोन करा.

काही औषधांसाठी मिडवाइफच्या भेटीपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गरोदरपण कळल्या दिवशीच जीपीला कळवा. पहिल्या काही आठवड्यांतच मात्रा वाढवण्याची गरज अनेकींना पडते आणि त्यासाठी लगेच रक्त तपासावं लागतं. भारतात गरोदरपणाच्या पहिल्या रिपोर्टमध्ये थायरॉइड असतोच; इथे तो सगळ्यांचा तपासत नाहीत. तुम्ही सांगितलं नाहीत तर तो राहून जाईल. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल, गरोदरपणात चालत नाहीत. त्या त्वरित बदलून घ्याव्या लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ते बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. फिट्सच्या गोळ्यांचं याच्या उलट आहे: त्या स्वतःहून अजिबात थांबवू नका, पण त्याच दिवशी फोन करा, विशेषतः व्हॅलप्रोएट असेल तर.

भारतातल्या डॉक्टरांनी फोनवर सुचवलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, घरून आलेले काढे, आयुर्वेदिक गोळ्या, भस्मं हेही औषधच आहे. काही भस्मांत आणि रसायनांत शिसं किंवा पारा असू शकतो. ‘नैसर्गिक आहे, सांगायची काय गरज’ असं धरून चालू नका. पट्ट्या आणि बाटल्या सरळ पिशवीत घालून सोबत न्या. मिडवाइफला भारतीय ब्रँडचं नाव कळणार नाही, पण आत काय आहे आणि किती आहे ते वेष्टनावर वाचता येईल.

आईला करायचा फोन

कागदपत्रांत सहसा कुणी काही विसरत नाही. विसरतो तो घराण्याचा इतिहास, म्हणून या भागासाठी थोडा जास्त वेळ काढा.

मिडवाइफ विचारणार: तुमच्या आईला किंवा बहिणीला प्री-एक्लॅम्प्सिया झाला होता का? म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं वगैरे. हा शब्द आईला विचारलात तर ती नाही म्हणेल, कारण तिला तो कुणी कधी सांगितलाच नसेल. तिच्या भाषेत विचारा. “माझ्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं का? हातापायांबरोबर तोंडही सुजलं होतं का? झटके आले होते का? दिवस भरायच्या आधीच बाळंतपण का करावं लागलं?” उत्तर असं येतं: “हो गं, आठव्यातच सिझर केलं, प्रेशर उतरेना म्हणून.” हे एक वाक्य फार मोलाचं आहे. पहिलंच गरोदरपण हा एक मध्यम धोका धरतात, आईचा किंवा बहिणीचा प्री-एक्लॅम्प्सिया हा दुसरा. वय चाळीस किंवा जास्त असणं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त असणं, जुळी असणं, आधीच्या बाळंतपणाला दहा वर्षांहून जास्त काळ होणं हेही त्याच यादीत येतं. यातले दोन जमले तर बाराव्या आठवड्यापासून रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन सुचवली जाते, ७५ ते १५० मिलिग्रॅम. तिने हा धोका खरोखर कमी होतो. आधीपासून जास्त बीपी, मधुमेह, किडनीचा विकार किंवा ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असेल तर त्यातला एकच पुरेसा असतो. ॲस्पिरिन आपल्या मनाने मात्र सुरू करायची नाही.

त्याच फोनवर आणखी विचारून घ्या. आईवडिलांना, भावंडांना मधुमेह आहे का. कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का. घराण्यात कुणाला लहानपणापासून रक्त चढवावं लागायचं का, कुणी ‘रक्त बनत नाही’ म्हणून लहानपणी गेलं का. हृदयात छिद्र घेऊन किंवा ऐकू न येता जन्मलेलं कुणी आहे का. आईला जुळी झाली होती का, तुम्हाला लहानपणी कुठल्या लसी दिल्या, त्याचं कार्ड घरात आहे का. मग हेच प्रश्न नवऱ्याने त्याच्या आईला विचारायचे. बाळाला दोन्ही घरांचा वारसा मिळतो, आणि बाबांकडची माहिती नेमकी कमी पडते.

आता कागद. शेवटच्या पाळीची तारीख, दिनदर्शिकेवरची खूण पाहून. पाळी साधारण किती दिवसांनी येते ते. आयव्हीएफ असेल तर गर्भ आत सोडल्याची तारीख. आधीचं बाळंतपण भारतात झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि सिझेरियन असेल तर ते का केलं आणि गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, हे लिहिलेलं पान. पोटावरची खूण पाहून आतला छेद कळत नाही आणि ‘या वेळी नॉर्मल होईल का’ याचं उत्तर त्यावर बरंच अवलंबून असतं. हॉस्पिटलकडून तो कागद मागवायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच कुणाला तरी सांगा. रक्तगटाचा जुना रिपोर्ट असेल तर ठेवा. इथे तो पुन्हा तपासतीलच. झालेली ऑपरेशनं, ॲलर्जी, क्षयाचे उपचार, चालू औषधं आणि गेल्या काही महिन्यांतला भारतप्रवास हे सगळं एका पानावर इंग्रजीत टंकून न्या. ऐनवेळी आठवायचा ताण जातो आणि नोंदीत चुका कमी होतात.

अवघड वाटणारे प्रश्न

हे प्रश्न प्रत्येकीला विचारतात, तुमच्याकडे पाहून नव्हे. आधीच माहीत असलेले बरे.

‘तुम्ही आणि बाळाचे बाबा रक्ताच्या नात्यातले आहात का?’ मामाच्या मुलीशी, आतेभावाशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत रीतीचं आहे, आणि घरात ते ‘नात्यातच दिलंय’ एवढंच म्हटलं जातं. इथे नेमकं सांगा: नवरा माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, किंवा चुलत आत्याचा. काही आनुवंशिक आजारांची शक्यता त्यावर ठरते. कुणी नावं ठेवण्यासाठी विचारत नाही.

‘तंबाखू?’ सिगारेट ओढत नाही म्हणून ‘नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. मशेरी लावणं म्हणजे तंबाखूच आहे; गुटखा आणि तंबाखूचं पानही. प्रत्येक गरोदर बाईला एका नळीत फुंकर घालून कार्बन मोनॉक्साइड मोजायला सांगतात, पण त्यात मशेरी दिसत नाही. ती तुम्हीच सांगावी लागते, आणि सोडण्यासाठी मदत मिळते. याच फुंकरीचा आकडा तुम्ही किंवा घरातलं कुणी सिगारेट ओढत नसताना ४ पीपीएम किंवा वर आला तर भाड्याच्या घरातला गॅसचा बॉयलर तपासून घ्या. बिघडलेल्या बॉयलरने जीव जाऊ शकतो.

गर्भपात, केलेला किंवा झालेला, प्रत्येक सांगायचा. सासरी माहीत नसेल, नवऱ्यालाही माहीत नसेल. म्हणूनच भेटीचा काही भाग मिडवाइफ तुम्हाला एकटीला भेटते आणि सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगते. नवऱ्याने यात अपमान मानायचं कारण नाही. त्याच वेळी ती घरी भीती वाटते का, कुणी मारतं का, पैसे किंवा पासपोर्ट काढून घेतलाय का, असं विचारते. तिला सांगितलेलं तुमच्या घरच्यांपर्यंत जात नाही. तुमच्या किंवा एखाद्या मुलाच्या जिवाला धोका दिसला तरच ती इतर यंत्रणांना कळवते. एकटीला भेटू दिलं नाही तर स्वच्छतागृहात जाण्याच्या निमित्ताने बाहेर पडून तिला गाठा, किंवा नंतर फोन करा. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असला तरी मदत मिळते.

मनाबद्दलही विचारतात: गेल्या महिनाभरात उदास, निराश वाटत होतं का, कशातच रस वाटत नव्हता का. पहिल्या बाळंतपणानंतर फार रडू येत होतं, झोप उडाली होती, गोळ्या घेतल्या होत्या, हे सगळं इथे सांगण्याजोगं आहे. माहेर सात हजार किलोमीटरवर असताना पुढची तजवीज आत्ताच झालेली बरी.

इंग्रजी कामापुरतं येत असेल तरी दुभाषा मागा. मोफत असतो, कधी समोर, बहुतेकदा फोनवर. नोंदणी करतानाच ‘मराठी’ असं लिहा. नुसतं ‘भारतीय’ लिहिलं तर हिंदीचा किंवा गुजरातीचा दुभाषा येऊ शकतो. नवऱ्याला दुभाषा करू नका. वरचे निम्मे प्रश्न त्याच्यामार्फत विचारताच येत नाहीत, आणि वैद्यकीय शब्द त्यालाही कळतीलच असं नाही.

त्या दिवशी

उपाशी जाऊ नका. भारतातल्या सवयीने अनेकजणी सकाळी चहाही न घेता जातात, आधीच मळमळ, त्यात चार-पाच नळ्या रक्त, आणि खुर्चीतच चक्कर येते. या रक्तासाठी उपास लागत नाही. नेमकी संकष्टी आली असेल तर त्या दिवशी उपास सोडा किंवा निदान पोटभर फराळ करून निघा. पाणी भरपूर प्या म्हणजे शीर सापडते. सैल बाह्यांचा कुर्ता घाला. घट्ट बाहीवरून बीपी चुकीचं येतं. लघवीची बाटली आधी दिली असेल तर सकाळी धार सुरू होऊन थोडी गेल्यावर मधली लघवी घ्यायची, सुरुवातीची नाही; नाहीतर बाहेरचे जंतू मिसळतात आणि विनाकारण पुन्हा बोलावतात. लघवीला जळजळ होत नसली तरी जंतुसंसर्ग असू शकतो आणि गरोदरपणात तो किडनीपर्यंत चढतो, म्हणून ही तपासणी सगळ्यांची करतात.

रक्तातून रक्तगट, आरएच आणि अँटिबॉडी, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, थॅलेसेमिया आणि सिकल सेल पाहतात. प्रत्येक चाचणीला नकार देता येतो, पण यातल्या प्रत्येकीचा निकाल बाळाच्या उपयोगाचा आहे. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांत लस देऊन बहुतेक वेळा वाचवता येतं. थॅलेसेमियासाठी दोन्ही घरांचं मूळ कुठलं ते विचारतात. वाहक व्यक्ती पूर्ण निरोगी असते, फक्त हिमोग्लोबिन जरा कमी राहतं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वर येत नसेल तर हे आवर्जून सांगा. तुम्ही वाहक निघालात तर बाबांचं रक्त त्याच आठवड्यात द्या. रुबेलाची तपासणी इंग्लंडमध्ये २०१६ पासून या भेटीत होत नाही. लस झाली का माहीत नसेल तर विचारा. गरोदरपणात ती देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात.

रिपोर्ट वाचताना एकक बघा. हिमोग्लोबिन भारतात १०.८ येतं, ते इथे १०८ लिहितात. पहिल्या तीन महिन्यांत ११० च्या खाली म्हणजे कमी. शुगरचा आकडा १८ ने गुणला की भारतातला आकडा मिळतो.

आधी घरी बोलून ठेवायचे निर्णय

डाउन, एडवर्ड्स आणि पटाऊ या सिंड्रोमची (गुणसूत्रांतल्या जन्मजात दोषांची) तपासणी करायची का, हे या भेटीत विचारतात. तिन्हींसाठी, फक्त डाउनसाठी, फक्त बाकीच्या दोनसाठी, किंवा नाहीच, असे पर्याय असतात. सोनोग्राफी आणि रक्त मिळून शक्यतेचा आकडा येतो. १५० त १ किंवा त्याहून जास्त शक्यता आली तर पुढची रक्तचाचणी किंवा पेशी काढून करायची चाचणी देऊ करतात. पहिला आकडा म्हणजे निदान नाही. नवराबायकोने आधीच बोलायचं ते एवढंच: शक्यता जास्त आली तर आपल्याला पुढचं कळून हवंय का? गर्भ मुलगा की मुलगी हा या भेटीचा विषयच नाही, आणि या तपासण्या त्यासाठी नाहीत.

दक्षिण आशियाई कुटुंबातल्या बाईला गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, मग ती सडपातळ असली तरी. म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची चाचणी तुमच्यासाठी लिहिली आहे ना, हे विचारून घ्या. त्या चाचणीला मात्र उपाशी जायचं असतं. आधीच्या खेपेला मधुमेह झाला असेल तर ती नोंदणीनंतर लगेच होते.

खाण्याबद्दल फार सूचना घरूनच मिळत असतात, त्यामुळे इथल्या वेगळेपणापुरतं. भारतातल्या मिठात आयोडीन असतं, इथल्या साध्या मिठात सहसा नसतं. दूध, दही, मासे किंवा अंडी खात नसाल तर मिडवाइफला सांगा. शाकाहारी असाल तर बी-१२ विचारा. मोड आलेली मटकी, मूग कच्चे खाऊ नका, वाफा येईपर्यंत शिजवून खा. माती, खडू किंवा भाजलेली माती खावीशी वाटणं हे नुसते डोहाळे म्हणून सोडू नका. ते अनेकदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि दुकानात मिळणाऱ्या अशा मातीत शिसं सापडलेलं आहे.

नोकरी करत असाल तर या भेटीसाठी पगारी वेळ मिळणं हा कर्मचारी म्हणून तुमचा हक्क आहे. पहिल्या भेटीसाठी मालक पुरावा मागू शकत नाही. नवऱ्याला दोन भेटींसाठी बिनपगारी वेळ मिळते, प्रत्येकी साडेसहा तासांपर्यंत.

निघण्यापूर्वी

खुर्चीतून उठण्याआधी पाच गोष्टी हातात आहेत का पाहा. तुमच्या नोंदी, वहीत किंवा ॲपमध्ये, आणि ॲप तिथेच उघडून लॉगिन होतंय ना हे तपासलेलं. मिडवाइफचा किंवा तिच्या टीमचा नंबर. हॉस्पिटलच्या मॅटर्निटी विभागाचा चोवीस तासांचा नंबर. सोनोग्राफीची तारीख, किंवा ती कधीपर्यंत कळेल ते. आणि मोफत औषधांच्या प्रमाणपत्राचा अर्ज मिडवाइफने केलाय का: त्यावर बाळंतपणाच्या तारखेनंतर बारा महिन्यांपर्यंत औषधं आणि एनएचएसचे दातांचे उपचार मोफत असतात. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतं, तेव्हा दातांची तपासणी खरंच करून घ्या.

मॅटर्निटी रजेसाठी लागणारं प्रमाणपत्र या भेटीत मिळत नाही. विसाव्या आठवड्यानंतर मिळतं.

रक्ताचे निकाल साधारण दहा-पंधरा दिवसांत येतात. काही कळलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. फोन करून प्रत्येक निकाल विचारा आणि नोंदीत लिहिलाय का पाहा. रक्तगट आरएच निगेटिव्ह निघाला तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) आणि मध्येच रक्तस्राव झाला तर काय करायचं याबद्दल त्याच फोनवर विचारा.

आणि काही गोष्टींना पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही. अंगावरून रक्त जाणं, पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं: गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत, रुजल्याची ही लक्षणं असू शकतात. जीपी किंवा १११ ला (एनएचएसच्या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरला) फोन करा, ते अर्ली प्रेग्नन्सी युनिटला पाठवतात. चक्कर येऊन पडलात किंवा दुखणं असह्य असेल तर ९९९, म्हणजे ॲम्ब्युलन्स. चोवीस तासांत पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल आणि लघवी गडद पिवळी होत असेल तर तेही सांगा. उलट्या सगळ्यांनाच होतात म्हणून सोसत बसू नका. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, आणि लागल्यास सलाइन लावून बरेचदा त्याच दिवशी घरी सोडतात. १११ वरही दुभाषा मिळतो: फोन लागल्यावर इंग्रजीत फक्त ‘मराठी’ आणि ‘इंटरप्रिटर’ हे दोन शब्द बोला आणि लाइनवर थांबा.